काटा अडला, बोल बाईला

'वजन अडलंय' हे दोन शब्द आजकाल मी जाईन तिथे ऐकते. बचत गटाच्या बैठकीत, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत, आमच्या सल्ला केंद्रावर तक्रार लिहून झाल्यावर उठता उठता. पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो उतरलं, तिसऱ्या महिन्यात एक, आणि आता सात आठवडे झाले, काटा जागचा हलत नाही. बाई हे खाली मान घालून सांगते. मजुरी अडली, पेन्शन अडली, रेशनचं धान्य अडलं तर हीच बाई तहसील कचेरीत आवाज चढवते. वजन अडलं की मात्र दोष आपलाच, अशी तिची खात्री असते. तिची ही खात्री कोणी करून दिली, त्यातून कोणाचे खिसे भरतात आणि आपण चळवळीतल्या बायका त्यावर गप्प का, याबद्दल मला लिहायचं आहे.

व्यायामशाळांच्या भाषेत या अडण्याला 'प्लॅटो' म्हणतात. प्लॅटो म्हणजे पठार. आपण सगळ्यांनी शाळेत दख्खनच्या पठाराचा नकाशा काढलेला आहे. कोकणातून घाट चढून आलं की जमीन सपाट होते. याला कोणी घाटाचं अपयश म्हणत नाही. त्या सपाटीवर आपली गावं वसली आहेत. पण बाईच्या शरीराला पठार लागलं की ते 'फोडायचं' असतं, 'तोडायचं' असतं. शब्द ऐका जरा! जणू शरीर म्हणजे शत्रूचा किल्लाच.

हे पठार का येतं ते समजलं की दोषाची गोष्ट बरीचशी सुटते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत जे उतरतं त्यात बराच वाटा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम कमी केलं की साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा भराभर खाली येतो. जाहिरातीतले 'दहा दिवसांत चार किलो' ते बहुतेक हेच. पुढे शरीर लहान होतं आणि लहान शरीराला इंधन कमी लागतं. इथवर साधा हिशोब आहे. पण शरीर इथे थांबत नाही. चरबी घटली की लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं आणि मेंदूला निरोप जातो की कोठार रिकामं होत चाललं आहे. मग थायरॉइडचं काम मंदावतं, हातपाय नकळत कमी हलतात, थंडी जास्त वाजते आणि भूक वाढते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाचा अंदाज असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे माणसाची रोजची भूक साधारण १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेली बाई रोज हजार कॅलरींची जास्तीची भूक दाबून घरादाराचे डबे भरत असते. आणि आपण तिला म्हणतो, मनाचा निग्रह नाही!

लेप्टिनचा शोध लागला १९९४ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. त्याच वर्षी सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांच्या डोक्यावर जागतिक मुकुट चढले. यातली एक बातमी घरोघरी पोचली. दुसरी अजून पोचतेच आहे.

आता तो कागद. प्रत्येक जिममध्ये, प्रत्येक 'वेलनेस' वर्गात हातात दिला जाणारा १२०० कॅलरींचा तक्ता. त्यामागचं गणित १९५८ सालचं आहे. मॅक्स विशनॉफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३५०० कॅलरी. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं, रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला जवळजवळ अर्धा किलो उतरेल, आणि असंच उतरत राहील. या हिशोबाने सत्तर किलोची बाई तीन वर्षांत शून्यावर यायला हवी. अशी बाई कोणी पाहिली आहे का? गणित चुकीचं आहे हे शास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिलं. तक्ता मात्र तसाच आहे, कारण तो विकणाऱ्याला त्याचं चुकणंच सोयीचं आहे. काटा अडला की गिऱ्हाईक परत येतं.

१२०० हा आकडा किती लहान आहे हे कळण्यासाठी एक जुना प्रयोग सांगते. १९४४-४५ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे सगळे सदसद्विवेकाला स्मरून सैन्यात जायला नकार दिलेले स्वयंसेवक होते. उपासमारीनंतर युरोपातल्या माणसांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं हे शोधायचं होतं. त्यांना रोज सुमारे १५७० कॅलरींचं जेवण मिळे आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. त्यांचं वजन चौथ्या हिश्श्याने उतरलं. विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ ४० टक्क्यांनी घटली. शेवटी शेवटी वजनाची उतरण सपाट होत गेली. हेच ते पठार! ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, कोणात मिसळेनात, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि पोटभर खायला मिळाल्यावर त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. पुरुषांची शरीरं मोठी, त्यांची गरज जास्त, हे मान्य. तरी विचार करा. विद्यापीठाने ज्याला उपासमारीचा प्रयोग म्हटलं त्यापेक्षा कमी अन्नाला आपल्याकडे 'हेल्दी लाइफस्टाइल' म्हणतात. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण सांगतं की बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला रोज १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्ट करणारीला २१३०. दोन वेळचा स्वयंपाक, धुणंभांडी, पाणी भरणं आणि वर नोकरी, हे बैठं काम आहे असं ज्याला वाटतं त्याने आठवडाभर करून पाहावं.

याच अॅन्सेल कीज यांनी १९७२ साली उंची-वजनाच्या त्या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. अभ्यास पुरुषांचा होता. त्याची पट्टी आज आपल्या कमरेला.

बहात्तर म्हटल्यावर मला दुसरंच काही आठवतं. त्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या बायका कशा जगल्या? शरीर जपून खर्च करायला शिकलं म्हणून जगल्या. थोडक्यात भागवणं, साठवणं, एक दाणाही वाया न घालवणं. पिढ्यान् पिढ्या आपल्या आयाआज्यांना तगवून ठेवलेली ही अक्कल आपल्या रक्तात आहे. शरीराला बहात्तरचा दुष्काळ आणि डाएटचा तक्ता यांत फरक कळत नाही. ते आपल्याला वाचवायला बघतं आणि आपण त्यालाच शिव्या घालतो.

मी हे सगळं पुस्तकातून तेवढं लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी साखर सीमेवर आली, गुडघे बोलायला लागले, डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला. आमच्या तालुक्याच्या गावात एक जिम आहे. वर्षाची फी आगाऊ. मला जो तक्ता दिला तोच माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलीलाही दिला. पाळी बंद झालेली बावन्न वर्षांची बाई आणि कॉलेजची पोरगी, दोघींना एकच कागद. चार महिन्यांत माझं सात किलो उतरलं. मग अकरा आठवडे काहीच नाही. पंचविशीतला ट्रेनर म्हणाला, "काकू, घरी चीटिंग होतंय." मी म्हटलं, काय खाते ते रोज वहीत लिहिते, ही बघ वही. वही त्याने उघडलीसुद्धा नाही. त्याच्याकडे तयार उत्तर होतं: ९०० कॅलरींचं 'पठार तोडण्याचं' पॅकेज, सोबत भुकटीचे दोन डबे, किंमत अंगणवाडी मदतनिसाच्या महिन्याच्या मानधनाइतकी. डब्यामागे त्याला काय सुटतं हे विचारल्यावर तो हसला. पोरगा वाईट नव्हता. त्यालाही वरून टार्गेट होतं.

चीटिंग! कोणाशी केलेलं? हा शब्द नीट तपासायला हवा, कारण त्यात एक अर्धसत्य आहे आणि ते लपवून आपला फायदा नाही. माणसं आपलं खाणं कमी नोंदवतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सगळ्या देशांतली, शिकलेलीसुद्धा. पण आपल्या घरातली बाई नोंदवायचं काय विसरते ते पाहा. पोराने ताटात टाकलेली अर्धी पोळी. पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात. सकाळची उसळ, जी संध्याकाळी टाकवत नाही. मीठ-तिखट बघायला घेतलेले चार चमचे. अन्न वाया जाऊ नये ही जबाबदारी घरात एकटीची असते आणि तिचं पोट हे घरातलं शेवटचं भांडं असतं. हे ती भूक म्हणून खात नाही, काम म्हणून खाते. कामाची नोंद कुठल्या वहीत होते? आमच्या गटातल्या एकीने घरात जाहीर केलं की उरलेलं ज्याचं त्याने संपवायचं. आठ दिवस भांडणं झाली. मग सासरे मोजकं वाढून घ्यायला लागले.

आता आपल्याकडे येते. कारण बाजार बाजारासारखाच वागणार. माझं भांडण त्याच्याशी आहे तितकंच आपल्याशीही आहे.

आपल्यातला एक गट म्हणतो, हे मध्यमवर्गीय बायकांचे चोचले. अर्ध्या बायका उपाशी असताना वजन कमी करण्याच्या गप्पा कसल्या? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के बायकांचं वजन गरजेपेक्षा कमी आढळलं, २४ टक्क्यांचं जास्त आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. हे आकडे एकमेकींच्या विरोधात वाचायचे नाहीत. अंगाने स्थूल आणि रक्ताने कोरडी अशी एकच बाई मला आठवड्यातून तीनदा भेटते. भात, चपाती, चहा-बिस्किट यांवर तिचं पोट भरतं. डाळीतलं घट्ट वरण वरच्यावर वाढलं जातं, तिच्या वाट्याला पाणी. अंडं पोराला, दूध म्हाताऱ्यांना. गुडघे तिचे दुखतात, साखर तिची वाढते. मोलकरणीचं काम करणाऱ्या बायकासुद्धा आता पंधराशे-दोन हजारांची भुकटी हप्त्याने घेतात. चोचले म्हणून हा विषय झटकणारीने एकदा त्या हप्त्यांची वही पाहावी.

दुसरा गट त्याहून पुढे गेला आहे. गेल्या ८ मार्चला आमच्याच भागातल्या एका महिला मंडळाने वजन उतरवण्याची स्पर्धा ठेवली. सहा आठवडे, सगळ्यांत जास्त किलो उतरवेल तिला मिक्सर. सावित्रीबाईंच्या तसबिरीखाली वजनकाटा! जी जिंकली तिने नऊ किलो उतरवलं होतं. आदल्या दिवशी ती नळावर चक्कर येऊन पडली होती आणि तिचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं, हे मला तिच्या जावेने सांगितलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. त्या मंडळातल्या बायका माझ्या मैत्रिणी आहेत, त्यांचा हेतू चांगला होता, हे मला ठाऊक आहे. तरी मी म्हणते, हे थांबवा. १९९६ साली बंगलोरला विश्वसुंदरी स्पर्धा भरली तेव्हा देशभरच्या बायका-संघटनांनी विरोध केला. बाईचं शरीर मोजून बक्षीस द्यायचं नाही, ही आपली भूमिका होती. फिती कमरेऐवजी काट्यावर आल्या म्हणून ती बदलते का?

अशा स्पर्धेचं पुढे काय होतं तेही पाहिलं गेलेलं आहे. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूझर' नावाचा टी.व्ही.वरचा खेळ होता. त्यातल्या १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी तपास घेतला. तो अभ्यास २०१६ साली छापून आला. तीस आठवड्यांत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवलं होतं. सहा वर्षांत त्यातलं ४१ किलो परत आलं. आणि वजन परत येऊनही त्यांची शरीरं अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या, शरीर अजून दुष्काळातच होतं.

मग पठारावर अडकलेल्या बाईने करायचं तरी काय? भाषण पुरे, उपाय सांगा, असं तुम्ही म्हणालच.

आपल्याकडे तालमीत जा. म्हणजे जाऊ देणार नाहीत, पण बाहेरून बघा. एखाद्या पैलवानाची प्रगती अडली तर वस्ताद त्याला उपाशी ठेवत नाही. त्याची मेहनत बदलतो, खुराक बघतो, झोप बघतो. वजनगटासाठी चार दिवस उतरवावं लागतं ते सोडा. पैलवानाचं अंग भरलं की गाव कौतुक करतं. बाईचं भरलं की शेजारीण विचारते, कितवा महिना? तर तीच वस्तादाची रीत आपण वापरायची.

आधी तपासण्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. काही औषधंही, स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, वजन धरून ठेवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. रक्त साडेआठ असताना पळायला लावणं हा गुन्हा समजला पाहिजे. काटा रोज बघायचा नाही. पाळीच्या आधी पाण्यानेच किलो-दीड किलोचा फरक पडतो, त्या दिवशीच्या काट्यावरून स्वतःला शिक्षा कसली करता? महिनाभराचा कल पाहा, आणि काट्याहून जास्त कमरेची फीत पाहा. बारा आठवडे कमी खाल्लं असेल तर दोन आठवडे पोटापुरतं जेवा. त्याने काही बिघडत नाही, शरीराला दम मिळतो आणि बाईलाही.

खाण्यात डाळ, उसळ, अंडी, ताक, दाणे यांचा आपला वाटा आधी काढून ठेवायचा. ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. म्हणून ताकदीचा व्यायाम हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेतही आठवड्यातून दोन दिवस तो सांगितलेला आहे, आणि दीडशे मिनिटं चालण्यासारखी हालचाल वेगळी. त्याला जिम लागत नाही. भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून उठून बसण्याच्या बैठका, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, मग पाच लिटरचे कॅन. मात्र तेच वजन तितक्याच वेळा वर्षभर उचलत राहिलं तर शरीर सरावतं आणि तिथेच थांबतं. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. वजन, फेऱ्या, जिन्याच्या पायऱ्या, काहीही. व्यायामातलं पठार याने खरोखर सुटतं. घरकाम हा व्यायाम नाही का, असं सासूबाई विचारतील. कष्ट आहेत, पण ते एकाच बाजूने, वाकून, वर्षानुवर्षं तेच. शरीर झिजतं, बळकट होतंच असं नाही.

मी भुकटी घेतली नाही. जिमची फी भरलेली होती म्हणून डंबेल उचलत राहिले आणि जेवण वाढवलं. सव्वा वर्षात काटा दीड किलो हलला. कंबर सहा सेंटिमीटर उतरली. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ ची ५.६ झाली. वीस किलोची ज्वारीची गोणी आता मी एकटी उचलून डब्याशी नेते. ट्रेनरच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे अजून 'प्लॅटो' लिहिलेलं आहे.

माझ्या एकटीचा दाखला पुरेसा नाही, मान्य. चेन्नईच्या डॉक्टर ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेला मधुमेह-प्रतिबंधाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साखर सीमेवर असलेल्या ५३१ माणसांवर तो केला होता. ज्यांनी आहार आणि हालचाल सुधारली त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि त्यांचं वजन? लक्षात यावं इतकं उतरलंच नव्हतं! आपल्याच देशातला, आपल्यासारख्याच शरीरांचा पुरावा. तो भिंतीवर लावायला हवा, काट्याच्या जागी. जास्त चरबीने, विशेषतः पोटावरच्या, साखर आणि रक्तदाब वाढतो हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेलेल्या बाईने काळजी घ्यावीच. पण काळजीचं फळ किलोतच मोजायचं ही सक्ती कोणाची?

इंजेक्शनांबद्दल मला हल्ली प्रत्येक बैठकीत विचारतात. २०२५ साली ती वजन उतरवण्यासाठी म्हणून भारताच्या बाजारात आली. भूक शमवणाऱ्या आतड्यातल्या संप्रेरकाची ती नक्कल आहे, त्यांनी वजन उतरतं, मधुमेह्यांना उपयोग होतो. सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. इतकी वर्षं ज्याला चीटिंग म्हटलं ती भूक शरीरातली होती, हे आता औषध विकणारेच कबूल करत आहेत. दुसरं, वर्ष-सव्वा वर्षाने या इंजेक्शनांवरही वजन पठारावर येतं. २०२२ साली छापलेल्या एका चाचणीत इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणजे घेत राहायचं. पैसे कोण देणार, आणि नवरा कोणत्या महिन्यात म्हणणार की आता पुरे? वजन उतरवायच्या औषधांचा इतिहासही विसरू नका. सिब्युट्रामिनची गोळी वर्षानुवर्षं विकली गेली, हृदयाला धोका दिसला म्हणून २०१० साली युरोप-अमेरिकेतून मागे घेतली गेली आणि २०११ साली आपल्याकडे तिच्यावर बंदी आली.

शेवटी येतो तो वेळेचा आणि जागेचा प्रश्न. मला विचाराल तर खरं पठार इथे आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेल्याचं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आठवड्याची दीडशे मिनिटं कुठून आणायची हे त्या २९९ ला विचारा. पहाटे पाचला उठून चालायला गेलं तर रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, मोटारसायकलवरून टोमणे मारणारे आहेत. संध्याकाळी मैदान क्रिकेटवाल्या पोरांचं. बागेतल्या ओपन जिमच्या यंत्रांवर तरुण पोरं मोबाइल बघत बसलेली. साडी सावरत त्या यंत्रावर चढायचं कोणी?

म्हणून आमच्या गटाने या वर्षी ८ मार्चला काटा आणला नाही. आम्ही एकवीसजणी नगरपालिकेत गेलो आणि तीन मागण्या लिहून दिल्या: शाळेचं मैदान रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ फक्त बायकांना, तिथे दोन दिवे आणि चालू स्थितीतलं एक स्वच्छतागृह. पोराबाळांना त्या वेळात सांभाळायचं घरच्या पुरुषांनी, हा ठराव आम्ही आमच्या आमच्या घरी मांडायचा. त्यातल्या नऊ घरांत तो मंजूर आहे, चारांत वाद चालू आहे, बाकीच्या अजून बोललेल्या नाहीत. नगरपालिकेने मैदानाला हो म्हटलं, दिव्यांसाठी तरतूद नाही म्हणून सांगितलं. त्याच मैदानावर फेब्रुवारीत रात्रीचे क्रिकेट सामने झाले तेव्हा आठ मोठे दिवे होते, ते कोणाच्या तरतुदीतून आले, एवढंच आम्ही माहितीच्या अधिकारात विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर आम्ही दर सोमवारी सकाळी साडेदहाला मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेर असतो. तिथे तीन बाकं आहेत. वाट बघता बघता आम्ही त्यांच्यावरच बैठका घालतो, पंधराच्या तीन फेऱ्या. शिपाईमामा आता मोजून देतात.